लेकरांसंगं रोज वीस मिनिटं

(प्रभाग संघाच्या वार्षिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या ताई सभेला येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



मला विषय दिला होता ‘महिलांचं आरोग्य’. मी दोन दिवस विचार केला. हिरव्या भाज्या खा, लोहाच्या गोळ्या घ्या, हात धुवा, हे तुम्ही माझ्या जन्माआधीपासून ऐकत आलात. आशाताई सांगतात, अंगणवाडी ताई सांगतात. त्यात मी नवीन काय सांगणार? म्हणून आज एकच गोष्ट बोलणार आहे. आईनं लेकरांसोबत खेळायचं. लेकराच्या तब्येतीसाठी तर खरंच, पण आधी स्वतःच्या तब्येतीसाठी.

हसलात ना? मला माहीत होतं. मागच्या महिन्यात एका गटात मी हेच बोलले, तर एक मावशी म्हणाल्या, “ताई, दिसभर वाकूवाकू कंबर मोडते, आन् तुमी आमाले खेळाचं सांगता?” शेजारची म्हणाली, “यायले स्वतःचं लेकरू नाही, मून सुचते.” सगळ्या हसल्या, मीही हसले. खरं आहे, मला लेकरू नाही. पण माझ्या घरी एक लेकरू आहे, माझ्या दादाचा मुलगा. त्यानं माझ्या आईला काय शिकवलं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

माझी आई

आमचं घर धानाच्या पट्ट्यातलं. थोडं वावर आपलं, बाकी आईची मजुरी. रोवणी, निंदण, कापणी, मोहफूल, तेंदूपत्ता, वर्षाचे बारा महिने हातपाय चालूच. ती कधी आजारी पडली नाही, म्हणजे पडली तरी झोपली नाही. आम्ही सगळे म्हणायचो, आईला काय होते, ती तर लोखंडाची.

काही वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसांत आई बांधीतून परत आली आणि म्हणाली, उजव्या हाताला मुंग्या येतात. तोंड थोडं वाकडं दिसत होतं. आम्हाला वाटलं थकवा असेल. कोणी म्हणालं वारं लागलं, कोणी तेल गरम करून चोळलं. रात्र गेली. सकाळी तिला उठता येईना. मग धावपळ करून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, लकवा. बीपी खूप वाढलेलं होतं. त्यांनी विचारलं, याआधी बीपी कधी मोजलं होतं? आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. माझ्या बाळंतपणानंतर आईच्या दंडाला तो पट्टा कोणी बांधलाच नव्हता. मी समाजकार्य शिकलेली मुलगी, गावोगावी आरोग्याचं बोलणारी, आणि माझ्याच आईचं बीपी मला माहीत नव्हतं. ही चूक दुसऱ्या कोणाची नाही, आमची आहे.

नंतर मला कळलं की हे फक्त आमच्या घरचं नाही. शोधग्रामच्या सर्च संस्थेनं गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंचा अभ्यास केला. त्यात सगळ्यात जास्त मृत्यू लकव्यानं झालेले निघाले. साधारण सात मृत्यूंमागे एक. आपण समजत होतो बीपी, लकवा हे शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्या लोकांचे आजार. तसं नाही. कष्ट करणाऱ्या माणसालाही बीपी होतं. मीठ, खर्रा, तंबाखू, वय, चिंता, घरातला वारसा, यातलं काही ना काही प्रत्येकीच्या वाट्याला आहेच.

आई दवाखान्यातून घरी आली. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी हाताचे, पायाचे व्यायाम शिकवले. हात उचला, मूठ वळा, मूठ सोडा, दिवसातून इतक्या वेळा. आई दोन दिवस करायची, तिसऱ्या दिवशी सोडायची. म्हणायची, “काय तेच तेच. मी काय शाळेतली पोट्टी हाय?” आम्ही रागावलो, विनवण्या केल्या. काही फरक नाही.

दादाचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. त्याच्याकडे चिंध्यांचा एक चेंडू होता, वहिनीनं जुन्या लुगड्याचा बांधून दिलेला. आजी दिवसभर खाटेवर बसलेली, त्याला आयतीच खेळगडी मिळाली. तो चेंडू टाकायचा आणि म्हणायचा, “आजी, दे.” आई डाव्या हातानं द्यायची. तो म्हणायचा, “या हातानं नाही, त्या हातानं.” त्याला लकवा वगैरे काय माहीत? त्याला फक्त एवढं माहीत की आजीला दोन हात आहेत. आई उजव्या हातानं चेंडू धरायचा प्रयत्न करायची, सुटायचा, तो हसायचा, तीही हसायची. पुन्हा. पुन्हा. रोज सकाळ-संध्याकाळ हेच.

काही महिन्यांनी आई उजव्या हातानं पाण्याचा लोटा उचलायला लागली. मी असं म्हणणार नाही की चेंडूनं लकवा बरा केला. गोळ्या चालू होत्या, अजून चालू आहेत, आणि तिचा हात पूर्वीसारखा झालेला नाही. पण जो व्यायाम आमच्या सांगण्यानं ती करत नव्हती, तो त्या पोरासाठी तिनं रोज केला. एक दिवस ती मला म्हणाली, “तुमी लाहान होते तवा मी तुमच्यासंगं कधी खेळलीच नाही. टाइमच नोहता.” मी म्हटलं, आई, तुझा दोष नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून मी आज हा विषय घेतला.

काम करतो, मग खेळ कशाला?

आता त्या मावशींच्या प्रश्नाकडे येते, कारण प्रश्न बरोबर आहे. दिवसभर काम करणाऱ्या बाईला आणखी हालचाल कशाला?

पहिली गोष्ट, कामाची हालचाल मोजली जाते. वावरातलं काम, सरपण आणणं, पाणी भरणं, हे शरीराचे कष्टच आहेत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी. मध्यम जोराची म्हणजे श्वास वाढला पाहिजे, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. रोवणीच्या हंगामात आपण हे एका दिवसात पुरं करतो. त्यामुळे ज्या ताई आज बांधीतून थकून आल्या, त्यांना मी पळायला सांगणार नाही.

पण कामाचं असं असतं की ते शरीराला एकाच बाजूनं वापरतं. रोवणीत कंबर तासन् तास पुढे वाकलेली. डोक्यावर ओझं म्हणजे मान आणि पाठ दाबलेली. तेंदूची पुडकी बांधताना, शिवणयंत्रावर, नोंदी लिहिताना गुडघे आणि खांदे आखडलेले. मागे वाकणं, हात वर नेणं, एका पायावर तोल सांभाळणं, उडी मारणं, खळखळून हसणं, हे कामात कुठे येतं? खेळात येतं.

दुसरी गोष्ट, आपल्या सगळ्यांचे दिवस आता सारखे नाहीत. घरात नळ आला, गॅस आला, दळण गिरणीतून येतं. हे चांगलंच झालं, त्यासाठी आपण भांडलो. पण लेखा लिहिणाऱ्या, बँकेत बसणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या ताईंचं बसणं वाढलं. माझंच पाहा. दिवसभर गाडीवर नाहीतर मोबाईलवर. पहिल्या वर्षी ग्रामसंघाच्या कार्यालयाचा जिना चढताना मला धाप लागली, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. मावशी माझ्या मागून डोक्यावर पाटी घेऊन चढल्या आणि मला विचारतात, “ताई, बरं नाही का?”

तिसरी गोष्ट मनाची आहे. काम करताना आपण लेकराला काय म्हणतो? सरक. गप बस. नंतर. दिवसात कितीदा ‘नंतर’ म्हणतो, एक दिवस मोजून बघा. खेळताना लेकरू आपल्याकडे बघतं आणि आपण त्याच्याकडे. त्या वेळेत डोक्यातला हप्ता, भांडण, पावसाची काळजी, थोडी बाजूला जाते. ही विश्रांती झोपेसारखीच गरजेची आहे.

वीस मिनिटं कुठून आणायची?

बचतीचा हिशोब तुम्हाला मी शिकवायला नको. आठवड्याला दहा रुपयांपासून आपण सुरुवात केली तेव्हा लोक हसले होते. आज त्याच गटांची कर्ज प्रकरणं बँक मंजूर करते. हालचालीचंही तसंच आहे. आठवड्याला १५० मिनिटं म्हणजे रोज साधारण २०-२२ मिनिटं. ती एकदमच पाहिजेत असंही नाही. आधी सांगायचे की निदान दहा मिनिटं सलग हालचाल झाली तरच ती धरायची. २०२० च्या नव्या सूचनांमध्ये ती अट काढून टाकली. पाच मिनिटं केली तरी जमा होतात. पाच-पाच रुपये टाकले तरी डबा भरतोच.

लेकरांचा हिशोब जास्त आहे. एक ते चार वर्षांच्या लेकरानं दिवसभरात मिळून तीन तास हालचाल करायला हवी. पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना रोज एक तास जोराचा खेळ हवा. दोन वर्षांच्या आत मोबाईल अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या वर नको. मला माहीत आहे, लेकरू रडलं की मोबाईल दिला की गप्प बसतं. मीपण भाच्याला दिला आहे. पण गप्प बसलेलं लेकरू म्हणजे खेळलेलं लेकरू नव्हे.

मग वेळ कोणती? भात चुलीवर शिजतो तेवढी पाच मिनिटं. अंगणवाडीत सोडायला जाताना दहा मिनिटं, पण गाडीवर नाही, पायी. संध्याकाळी दिवा लावण्याआधी अंगणात दहा मिनिटं. झालं.

कोणते खेळ?

यासाठी पैसे लागत नाहीत. खेळ तुम्हाला येतात, फक्त तुम्ही सोडून दिले आहेत.

तान्ह्या बाळापासून सुरुवात करू. आईनं उताणं झोपायचं, गुडघे मोडून पोटाकडे घ्यायचे, बाळाला नडग्यांवर पालथं ठेवायचं, दोन्ही हात घट्ट धरायचे आणि हळू झुलवायचं. बाळाची मान पक्की धरली गेल्यावरच हे करायचं. बाळ हसतं, आईच्या कमरेला आराम मिळतो, पोटाला ताकद येते. रोवणीच्या दिवसांत एवढाच खेळ खेळा. दिवसभर पुढे वाकलेल्या कमरेला हेच पाहिजे असतं.

दोन ते पाच वर्षांच्या लेकरांबरोबर जनावरांच्या चाली. आपण जंगलातली माणसं, आपल्या पोरांना जनावरं शिकवावी लागत नाहीत. बेडकासारखं उकिडवं बसून उडी, अस्वलासारखं चार पायांवर चालणं, बगळ्यासारखं एका पायावर उभं राहणं, माकडासारखं हात वर करून लोंबकळल्यासारखं ताणणं. लेकरानं नाव घ्यायचं, आईनं करायचं. पाच मिनिटांत मांड्या, खांदे, पाठ सगळं मोकळं होतं.

पाचच्या पुढच्या मुलांबरोबर लंगडी, लगोरी, दोरीवरच्या उड्या, आंधळी कोशिंबीर, विषामृत. लगोरीला सात चपटे दगड आणि चिंध्यांचा चेंडू पुरे. दगड रचायला खाली बसावं लागतं, चेंडू चुकवायला पळावं लागतं, नेम धरायला खांदा लागतो. पावसाळ्यात बांबूच्या गेडीवर चालायला मुलांना शिकवा. तुम्हाला जमत असेल तर तुम्हीही चढा, तोल सांभाळण्यात पोट आणि पाय दोन्हींचं काम होतं.

मायलेकींसाठी फुगडी. दोन मिनिटं फुगडी घातली की दम लागतो, खोटं वाटत असेल तर सभा संपल्यावर घालून बघा. भुलाबाईच्या दिवसांत मुली घरोघर गाणी म्हणत फिरतात, त्यांच्यासोबत आपणही फेर धरावा. आणि ज्या गावांत रेला नाचतात, त्या गावच्या तायांना मी काय शिकवणार? एकमेकींच्या कमरेत हात घालून अर्धा तास पावलं टाकणं म्हणजे पुरा व्यायाम. पण तो फक्त लग्नात आणि सणातच का? आठवड्यातून एकदा अंगणात लेकरांना घेऊन नाचा. व्यायामही होईल आणि पोरांना आपलं नाचणं, आपली भाषा येईल.

आणि खो-खो. खाली उकिडवं बसायचं, खो मिळाला की झटकन उठायचं, पळायचं, पुन्हा बसायचं. शहरात लोक पैसे भरून हीच उठबस करतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. आपल्या महिला संघानं अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती प्रियंका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची. तुमच्या लेकीला ही गोष्ट सांगा आणि तिच्यासोबत मैदानात उतरा. आईला पळताना पाहिलं की लेकीला पळायला कोणाची परवानगी लागत नाही.

आधी हे तपासा

आता थोडं गंभीर बोलते. खेळ चांगला, पण आंधळेपणानं नको.

एक, रक्त. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. पाच वर्षांखालच्या लेकरांत तर तीनपैकी दोघांत. थोडं चाललं की धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, छाती धडधडते, तर त्याला आळस म्हणू नका. उपकेंद्रात रक्त तपासून घ्या, गोळ्या पूर्ण घ्या, आणि तोवर हळू खेळा.

दोन, सिकलसेल. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा आजार घरोघरी माहीत आहे. ज्या लेकराला सिकलसेलचा आजार आहे, म्हणजे ज्याचं कार्ड ‘एसएस’ आहे, त्याला खेळू द्यायचं, पण दमेपर्यंत नाही. मधे मधे थांबवायचं, पाणी पाजत राहायचं, उन्हात आणि कडक थंडीत खेळवायचं नाही. हातपाय दुखायला लागले, ताप आला, धाप लागली की खेळ बंद आणि सरळ दवाखाना. त्याला कोपऱ्यात बसवून बाकीचे खेळतात असं करू नका. त्याला लगोरी रचायला द्या, गुण मोजायला द्या. ‘एएस’ म्हणजे वाहक असलेली मुलं इतरांसारखी खेळू शकतात, पाण्याची काळजी मात्र त्यांचीही घ्यायची.

तीन, बीपी. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकीनं वर्षातून एकदा तरी मोजायचं. १४०/९० किंवा त्याच्या वर आलं तर घाबरायचं नाही, पण पुन्हा मोजायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. गोळी सुरू केली की बरं वाटतं म्हणून स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. आणि हे पाठ करा. तोंड वाकडं झालं, एक हात उचलला जात नाही, बोलणं अडखळतं, यातलं एकही दिसलं तर तेल चोळत बसू नका. १०८ ला फोन करा. मेंदूतली गाठ विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. आम्ही एक रात्र घालवली. तुम्ही घालवू नका.

चार, जे आपण कोणासमोर बोलत नाही. दोरीवर उडी मारताना, शिंकताना, हसताना लघवीचे थेंब जातात. किंवा अंग बाहेर येतं. किती जणींना होतं, हात वर करायला सांगणार नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बाया तपासल्या, तो अभ्यास १९८९ साली जगभर छापून आला. त्यात ९२ टक्के बायांना स्त्रियांचा एक तरी आजार होता. म्हणजे हे तुमचं एकटीचं नाही आणि यात लाज नाही. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी उड्या टाळायच्या, चालण्याचे, नेमाचे, नाचाचे खेळ घ्यायचे आणि डॉक्टरकडे जायचं. एक व्यायाम बसल्या जागी करता येतो. लघवी अडवून धरावी तसा खालचा भाग आत ओढायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. आत्ता इथे बसून केलं तरी शेजारणीला कळणार नाही. बाळंतीण ताईंनी मात्र नर्सताईंना विचारल्याशिवाय पळायच्या खेळाला सुरुवात करायची नाही.

वाघ, ऊन आणि घरधनी

तुम्ही म्हणाल, ताई, संध्याकाळी लेकरांना बाहेर कसं सोडायचं? आमच्या गावाजवळ वाघ फिरतो, बिबट अंगणात येतो. ही भीती खोटी नाही. म्हणून जागा आणि वेळ ठरवून घ्यायची. गावाच्या मधली जागा, शाळेचं मैदान किंवा समाजमंदिराचं अंगण. झुडपं, नाल्याचा काठ, गावाची कड नको. दिवस मावळायच्या आत घरी. लेकरं एकटी नाहीत, दोन-तीन मोठी माणसं सोबत. खरं सांगायचं तर वाघामुळेच आईनं खेळात उतरलं पाहिजे. नाहीतर लेकरू घरात कोंडलं जातं आणि हातात मोबाईल येतो. मोहफुलं वेचायला लेकरांना नेलंत, तरी तिथे पकडापकडी नको. अस्वलालाही मोह आवडतो. तिथे सोबत राहायचं, बोलत राहायचं, वेचायचं आणि परत यायचं.

एप्रिल-मे मध्ये चंद्रपूर, ब्रह्मपुरीचं ऊन सगळ्या देशाला माहीत आहे. पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा खेळ सकाळी सातच्या आत किंवा सावलीत, बसून नेमाचे. आंबील, ताक, मीठ-साखरेचं पाणी जवळ.

आणि घरधनी. मी हे सगळं सांगून बाईच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवत असेन, तर माझं बोलणं वाया गेलं. खेळ आईचाच का? बापानंही खेळावं. एका गावात एका ताईनं नवऱ्याला सांगितलं, मी भाकरी करते तोवर तुम्ही पोरांना लंगडी खेळवा, नाहीतर तुम्ही भाकरी करा, मी लंगडी खेळते. तो मुकाट्यानं अंगणात गेला. आता तो रोज जातो, आणि ताई सांगते, तेवढा वेळ तोंडात खर्राही नसतो. पळताना खर्रा चघळता येत नाही ना!

आपण काय ठरवायचं?

आपल्या गटांच्या पंचसूत्रीला पुढे आणखी सूत्रं जोडून दशसूत्री झाली, त्यात आरोग्यही आहे. पण बैठकीत बचत, कर्ज, परतफेड झाली की आरोग्याचा मुद्दा आला तर ‘चर्चा झाली’ असं लिहून सही होते. लेखा लिहिणाऱ्या ताई हसू नका, मी सगळी रजिस्टरं पाहिली आहेत.

एका गटानं वेगळं केलं. बैठकीच्या दिवशी लेकरांना घरी ठेवायचं नाही, सोबत आणायचं. हिशोब संपला की शेवटची पंधरा मिनिटं खेळ. पहिल्या आठवड्यात चार जणी उठल्या, बाकीच्या पदर तोंडाला लावून हसत बसल्या. सासूबाई काय म्हणतील, लोक पाहतील. दुसऱ्या आठवड्यात सात. चौथ्या आठवड्यात साठीच्या एक आजी म्हणाल्या, मी पळणार नाही पण लगोरी फोडणार, आणि पहिल्या नेमात फोडली. महिन्यातून एकदा त्या नर्सताईंना बोलावतात आणि खेळाआधी सगळ्यांचं बीपी मोजतात. पहिल्याच दिवशी एका ताईचं १७० निघालं. तिला काहीच त्रास होत नव्हता. ती वरून धडधाकट, दिवसभर काम करणारी. माझ्या आईसारखी. आज ती गोळी घेते आणि खेळतेसुद्धा.

म्हणून मी आज संघापुढे तीन गोष्टी ठेवते. मान्य असतील तर ठराव लिहून घ्या.

पहिली, प्रत्येक गटानं बैठकीनंतर लेकरांसोबत पंधरा मिनिटं खेळायचं.

दुसरी, प्रत्येक ग्रामसंघानं महिन्यातून एकदा नर्सताई किंवा आशाताईंच्या मदतीनं बीपी मोजायचं आणि वर्षातून दोनदा रक्त तपासून घ्यायचं. आकडा प्रत्येकीच्या स्वतःच्या वहीत लिहायचा, गटाच्या रजिस्टरमध्ये नाही. कोणाचा आजार गावभर होता कामा नये.

तिसरी, शाळेच्या मैदानातली किंवा गावातली एक जागा खेळासाठी साफ करून मागायची. ग्रामसभेत अर्ज द्यायचा. झुडपं काढा, दिवा लावा, एवढंच मागणं. दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरलेल्या बायांच्या जिल्ह्यातल्या आपण आहोत. एका मैदानासाठी अर्ज करायला आपल्याला कोणाची भीती?

मी आता थांबते. घड्याळात जेवणाला अजून वीस मिनिटं आहेत. मागं बसलेली ती लेकरं मघापासून कंटाळलेली आहेत, आणि मी येताना सात चपटे दगड आणि एक चिंध्यांचा चेंडू पिशवीत घालून आणला आहे. चेंडू माझ्या भाच्याचा आहे, आजीनं द्यायला सांगितला. संध्याकाळी परत मागितला आहे, त्यामुळे हरवू नका.

चला, उठा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी दगड रचायला बसा. बाकीच्यांनी पदर खोचा.